माळ, कुरण आणि रान : दख्खनच्या पर्जन्यछायेतील पशू, पशुपालक आणि राज्यसंस्था

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या पर्यावरणीय इतिहासलेखनात जंगलाला बऱ्यापैकी स्थान मिळाले आहे; माळाला ते मिळालेले नाही. वनकायदे, आदिवासींचे उठाव, सागवानाचा व्यापार, देवराया या विषयांवर मराठीत आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या १९९२ च्या सुप्रसिद्ध ग्रंथानंतर तर हा अभ्यास विद्यापीठीय अभ्यासक्रमातही स्थिरावला. परंतु सह्याद्रीच्या पूर्व उतारापासून सोलापूर, धाराशिवपर्यंत पसरलेल्या गवताळ प्रदेशाकडे इतिहासकाराची दृष्टी गेली ती बहुधा दुष्काळाच्या निमित्तानेच. माळ म्हणजे जेथे काही नाही अशी जागा, ही समजूत महसुली दप्तराची आहे. ती अभ्यासकांनीही फारशी चिकित्सा न करता स्वीकारली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या निबंधात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील पर्जन्यछायेचा प्रदेश मुख्यतः विचारात घेतला आहे. तुलनेसाठी सह्याद्रीच्या माथ्यावरील रानाचा आधार घेतला आहे. येथील गवताने आणि रानाने माणसांचे व जनावरांचे जगणे कसे घडविले आणि राज्यसंस्थेने त्या गवताला वेळोवेळी कोणते नाव दिले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

एक नाव, दोन जीवनपद्धती

महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ६,००० मि.मी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या फलटण, दहिवडी परिसरात तो ५०० मि.मी.च्या आसपास येतो. इतक्या थोड्या अंतरात इतका मोठा फरक पडत असल्याने माथ्यावर सदाहरित व निमसदाहरित रान आणि पायथ्यापलीकडे उघडा माळ अशी रचना निर्माण झाली. माळाची जमीन उथळ व मुरमाड असून खाली बेसॉल्टचा कातळ आहे. मोठ्या वृक्षांना तेथे मूळ धरता येत नाही. पवना, मारवेल, कुसळी यांसारखी गवते आणि त्यांत विखुरलेली बाभूळ, हिवर, बोर ही झाडे हीच तेथील नैसर्गिक संपत्ती होय.

या भौगोलिक फरकाचे सामाजिक रूप धनगर समाजात स्पष्ट दिसते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवरील आपला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध केला. गवळी धनगर सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळीत. त्यांचे वाडे चारदोन घरांचे आणि एकमेकांपासून दूर असत, कारण रानातील चारा विखुरलेला असतो आणि एका ठिकाणी फार जनावरे पोसली जात नाहीत. बाजार दूर व वाट अवघड असल्याने दूध खाली नेणे शक्य नव्हते. म्हणून लोणी व तूप उतरवायचे आणि त्याच्या मोबदल्यात धान्य आणायचे अशी व्यवस्था होती. याउलट हटकर आणि खुटेकर धनगरांचे जगणे मेंढीभोवती फिरते. दख्खनी मेंढी कोरड्या हवेत, खुरट्या गवतावर निभावते. सह्याद्रीच्या पावसात मात्र तिचे खूर कुजतात. म्हैस माळावर तग धरत नाही, मेंढी रानात धरत नाही. धनगर हे नाव समान असले तरी वस्तीचा आकार, फिरण्याचे वेळापत्रक, विनिमयाची वस्तू आणि शेतकऱ्याशी असलेले नाते या सर्वच बाबतीत हे गट भिन्न राहिले. या फरकाची कारणे केवळ जातिव्यवस्थेच्या अंतर्गत नियमांत शोधणे अपुरे ठरते. गवत आणि पाऊस यांचा त्यातील वाटा मोठा आहे.

मेंढपाळाचे वर्ष गवताच्या वर्षाप्रमाणे चालते. मृगाच्या पावसाने माळ हिरवा होतो, अश्विन-कार्तिकात गवत बी धरते आणि त्यानंतर वाळू लागते. दिवाळीनंतर अनेक वाडे कोकणाकडे निघतात. तेथे भातकापणी झालेली असते, शेते मोकळी असतात आणि शेतकऱ्याला खत हवे असते. मेंढ्या रात्री शेतात बसविल्या की त्यांच्या लेंड्यांचे व मुताचे खत मिळते. त्याचा मोबदला पूर्वी प्रामुख्याने धान्याच्या रूपाने मिळत असे. पावसापूर्वी कळप परत माळावर येतात. काही वाडे कोकणाऐवजी पूर्वेकडे जातात. म्हणजे ज्याला आपण ‘भटकंती’ म्हणतो ती दिशाहीन हालचाल नसून दोन पर्जन्यक्षेत्रांमधील ठरलेली ये-जा आहे. लोकर सनगरांकडे जाऊन तिची घोंगडी होते, आणि पावसाळ्यात तीच घोंगडी शेतकऱ्याच्या डोक्यावर येते. गवतापासून घोंगडीपर्यंतची ही साखळी आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत क्वचितच आढळते.

माळ किती जुना?

माळ हा मूळचाच की माणसाने जंगल तोडून निर्माण केलेला, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही, कारण त्याच्या उत्तरावर पुढील सर्व धोरण अवलंबून राहिले आहे. वनविद्येतील जुनी भूमिका अशी की भारतीय गवताळ प्रदेश ही जंगलाच्या ऱ्हासाची एक अवस्था होय. चराई आणि वणवे थांबविले तर तेथे कालांतराने जंगल उभे राहील. १९७३ साली दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातील गवताच्या आच्छादनाचे जे वर्गीकरण केले, त्यातही या विचाराची छाया आहे. गेल्या दीड-दोन दशकांत मात्र जयश्री रत्नम, महेश शंकरन आदी परिस्थितिकी-शास्त्रज्ञांनी या भूमिकेला आव्हान दिले. येथील तृणप्रदेश मानवी शेतीहून फार प्राचीन आहेत आणि त्यांतील गवते वणवा व चराई सोसण्यासाठीच उत्क्रांत झाली आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

पुरातत्त्वाचा पुरावा यात काही भर घालतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत पाळीव गुरांच्या हाडांबरोबर काळविटाची हाडेही मिळाली. काळवीट हा दाट झाडीत राहणारा प्राणी नाही. दूरवर पाहणे आणि वेगाने पळणे हेच त्याचे संरक्षण, आणि त्यासाठी उघडे मैदान लागते. तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीच्या खोऱ्यात काळविटाला पुरेल एवढे मोकळे रान होते, असे अनुमान रास्त ठरते. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटल्यामुळे येथील लोक शेतीकडून शेळ्यामेंढ्यांच्या निमभटक्या पालनाकडे वळले, असा सिद्धान्त म. के. ढवळीकर यांनी मांडला होता. हवामानाला इतके निर्णायक स्थान द्यावे काय, याविषयी नंतर आक्षेप घेतले गेले, आणि ते विचारार्ह आहेत. तथापि पशुपालन हा शेतीचा केवळ पूर्वटप्पा नसून या प्रदेशात शेतीला असलेला पर्याय होता, ही त्यांची दृष्टी आजही उपयुक्त वाटते.

मध्ययुगात याच पट्ट्यात गोधनाच्या रक्षणार्थ मेलेल्या वीरांचे वीरगळ गावोगाव उभे राहिले. अजय दांडेकर यांनी वीरगळ, कळप आणि दैवतसंप्रदाय यांचा परस्परसंबंध तपासून शेतकरी व पशुपालक यांच्यातील संघर्षाकडे लक्ष वेधले. गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ऐकून, कळपांबरोबर फिरून बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचा अभ्यास केला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. ढेरे यांच्या सर्वच निष्कर्षांशी सहमत होण्याची गरज नाही. परंतु महाराष्ट्राचे लोकदैवत ज्या भीमेच्या काठी उभे आहे तो प्रदेश गवताचा आहे, याचे स्मरण त्यांनी करून दिले. संतसाहित्याच्या अभ्यासकांनी या भौगोलिक सूत्राचा पाठपुरावा पुरेसा केलेला नाही.

कुरण : गवताचे राज्यशास्त्र

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील वृक्षांविषयीचा भाग आपल्याकडे इतक्यांदा उद्धृत होतो की मराठा राज्याचे पर्यावरणीय धोरण म्हणजे आंबा-फणसाची काळजी, असा समज व्हावा. आरमाराला लाकूड लागत होते हे खरेच. पण मराठा राज्याची ताकद घोडदळात होती आणि घोड्याला लागते गवत. भीमा व नीरा यांच्या काठची भीमथडी तट्टे आकाराने लहान, काटक आणि थोडक्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल जाणारी म्हणून प्रसिद्ध होती. त्यांची पैदास ज्या भूमीत झाली ती हीच पर्जन्यछाया होय. लष्करी इतिहासात गनिमी काव्याची चर्चा डोंगर आणि किल्ले यांच्या संदर्भात होते. माळाचे ऋण तेथे सहसा नोंदविले जात नाही.

पेशवाईत सरकारी कुरणे राखली जात. ‘कुरण’ म्हणजे केवळ गवताची जागा नव्हे. ते राखीव गवत असून तेथे कोणी, केव्हा जनावर घालावे यावर सरकारचा अंमल असे. गवत कापून गंजी रचण्याचे काम आसपासच्या गावांकडून वेठीने करून घेतले जाई, आणि चराईबद्दल वनचराईसारखे कर घेतले जात. तेव्हा इंग्रजांपूर्वी गवत सर्वांना मुक्त होते, असे सुवर्णयुग कल्पिणे योग्य नाही. सुमित गुहा यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातील रानाचे व मोकळ्या प्रदेशाचे स्वरूप राजकीय गरजांनुसार बदलत गेल्याचे दाखविले आहे, ते या संदर्भात महत्त्वाचे आहे. फरक एवढाच की त्या राज्यव्यवस्थेला गवताची किंमत ठाऊक होती. मल्हारराव होळकरांचे घराणे धनगर समाजातून, नीरेकाठच्या होळ गावाच्या नावाने पुढे आले आणि अहिल्याबाईंचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्या काळी मेंढपाळाच्या घरातून लष्करी सत्तेपर्यंत पोहोचण्याची वाट या प्रदेशातून जात होती.

‘पडीक’ या शब्दाचा उदय

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पाहणीला आरंभ केला आणि विंगेट यांच्या सहकार्याने त्यातूनच मुंबई इलाख्याची रयतवारी आकारणी आकाराला आली. ही पद्धत लागवडीयोग्य जमिनीचा कस मोजत होती. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असे समीकरण तिच्यात अंतर्भूत होते. इंदापुरात सारा उतरल्यावर पडीक जमिनी झपाट्याने नांगराखाली आल्या आणि प्रशासनाने ते यशाचे चिन्ह मानले. पुढे अमेरिकन यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले तेव्हा हा विस्तार अधिकच वाढला. उथळ मुरमाड जमीन नांगरली की पहिली दोनतीन वर्षे पीक येते, नंतर माती वाहून जाते आणि गवतही परत येत नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळून दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. त्याची कारणमीमांसा कर्ज, सारा आणि कापसाचे घसरलेले भाव यांच्या आधारे विपुल झाली आहे. चाऱ्याचा हिशेब मात्र तीत जवळजवळ नसतोच. ज्या कुणब्याचे जनावर हीच दुष्काळातील ठेव होती, त्याच्याभोवतीचे गवत आधीच्या चाळीस वर्षांत आटले होते. १८७६-७८ च्या दुष्काळात गुरे माणसांच्याही आधी मेली, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

दुसरीकडून वनखाते आले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव व संरक्षित वने निर्माण झाली. डोंगरउतारांबरोबर कित्येक कुरणे व गावराने त्यांत ओढली गेली. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये जोतीराव फुले यांनी या खात्यावर जो कोरडा ओढला आहे तो नेमका येथेच. पूर्वी गावरानावर दोनचार गाई-शेळ्या बाळगून आणि रानातील फळेपाने विकून अल्पभूधारक तग धरीत असे. सरकारी खात्याने पडीत जमिनी व गायराने एकत्र करून त्याच्या शेळीला वारा खायलाही जागा ठेवली नाही, असा त्यांचा आशय आहे. फुले यांचे हे विवेचन शेतीच्या दारिद्र्याच्या चर्चेत येते, परंतु गायरान व मोकळ्या रानाच्या बाजूने आधुनिक मराठीत उठलेला हा बहुधा पहिला आवाज आहे, हे लक्षात घेतले जात नाही. १८८५-८७ च्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे-कुलाब्यातील राबाचा प्रश्न गाजला, कारण तेथे संघटित भातशेतकरी होते आणि त्यांची बाजू मांडणारे शिक्षित लोकही होते. वर्षातील निम्मा काळ परमुलखात काढणाऱ्या मेंढपाळाला असे प्रतिनिधित्व मिळणे कठीण होते.

पशूंचा हिशेब

माळाच्या पशुपक्ष्यांवर या काळाचा परिणाम अधिक कठोर झाला. हिंस्र प्राण्यांना मारण्यासाठी सरकारने बक्षिसे लावली. महेश रंगराजन यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश भारतात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. सर्वांत मोठा आकडा लांडग्याचा, म्हणजे मोकळ्या माळावरच्या प्राण्याचा आहे. वाघाच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यांत लागली. लांडग्याचा मृत्यू तालुक्याच्या खर्चाच्या वहीत नोंदला गेला.

चित्ता तर संपूर्णच गेला. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी शिकवलेले चित्ते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते. राजर्षी शाहू महाराजांचा हा छंद सर्वश्रुत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणावे लागले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील चित्ते कुनो येथे सोडण्यात आले, तेव्हा त्याला ‘जंगलात परतणे’ असे अनेकांनी म्हटले. चित्ता मुळात जंगलाचा नव्हताच, हे त्या गदारोळात कोणी फारसे बोलले नाही. माळावर फासे लावून तितर, ससे पकडणाऱ्या पारध्यांची वाट आणखी वेगळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील रूपांनी त्यांचे फिरणेच गुन्हा ठरविले. १९५२ साली तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा परंपरागत उद्योग बेकायदेशीर केला. कायद्याचा हेतू योग्य होता. शिकार बंद झाल्यावर शिकाऱ्याने काय करावे, याचे उत्तर मात्र त्या कायद्यात नव्हते.

नान्नजचा धडा आणि त्याची मर्यादा

माळढोक हा या प्रदेशाचा सर्वांत नाजूक रहिवासी. तो पावसाळ्यात जमिनीवर, उघड्यावर, साधारणपणे एकच अंडे घालतो. नेमक्या याच काळात कोकणातून परतलेले कळप माळावर असतात, आणि दाट चराईत अंडे तुडवले जाण्याचा धोका वाढतो. १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली सोलापूरजवळ नान्नज येथे गवताचे काही तुकडे राखले गेले आणि तेथे माळढोकाला आसरा मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,५०० चौ. कि.मी. क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. या क्षेत्रात शेते, गावे, बाजारपेठा, एवढेच नव्हे तर शहरी वस्तीही होती. प्रत्यक्ष राखलेले गवत त्या अफाट आकड्याच्या मानाने नगण्य होते. जमिनीच्या व्यवहारांवर आलेल्या निर्बंधांमुळे शेतकरी चिडले. ज्या पक्ष्याला कित्येक पिढ्या कोणी मुद्दाम त्रास दिला नव्हता, तो लोकांच्या दृष्टीने सातबाऱ्यावरील बोजा झाला. २०१० नंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी.पर्यंत कमी करण्यात आले. तोवर महाराष्ट्रातील माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

यात आणखी एक विसंगती आहे. माळ ‘सुधारण्यासाठी’ नान्नजच्या परिसरातही गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. उघड्यावर वावरणाऱ्या पक्ष्याला झाडी म्हणजे शत्रू लपण्याची जागा. तो तेथून निघून जातो. असद रहमानी यांच्यासारखे पक्षिशास्त्रज्ञ हे सातत्याने सांगत आले. तरीही १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ, २००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला पडीक जमिनींचा नकाशासंग्रह आणि २०१९ साली महाराष्ट्रात राबविलेली ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम या सर्वांमागे विंगेटकालीन समीकरणच वेगळ्या भाषेत दिसते. आता सारा हे प्रमाण राहिले नाही, वृक्षाच्छादन झाले. वृक्षारोपणाला विरोध करणे हे प्रस्तुत लेखकाचे प्रयोजन नाही. सह्याद्रीच्या उघड्या पडलेल्या उतारावर झाड हवेच. परंतु माणदेशच्या माळावर खड्डा घेताना तेथील गवत उपटले जाते, त्याची नोंद कोठेच होत नाही.

माणदेशचा उल्लेख आला की व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आठवणे स्वाभाविक आहे. दुष्काळात वाडी रिकामी होते, हे त्या कादंबरीतील चित्र वाङ्मयीन दृष्टीने पुष्कळ चर्चिले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाने ते गवत संपल्यावर समाज कसा विस्कटतो याचे साक्षीदाराने केलेले वर्णन म्हणून वाचण्यास हरकत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तेच वेगळ्या रीतीने घडले. कोयनेचा जलाशय, त्यानंतर १९८५ मध्ये घोषित झालेली कोयना व चांदोली अभयारण्ये आणि २०१० चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांतून अनेक वाडे-वस्त्या हलल्या आणि तरुण पिढी मुंबई-पुण्याच्या मजुरीकडे वळली.

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईहक्काला मान्यता आहे. हा कायदा वनजमिनीला लागू होतो. गायरान मात्र महसूल खात्याचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यातील निर्णयानंतर महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरानांविषयी निर्णय काढला. त्यानंतरही गायराने वेगवेगळ्या सार्वजनिक कामांना दिली जात आहेत. अलीकडे त्यांत सौरऊर्जा प्रकल्पांची भर पडली आहे. पुणे अभिलेखागारातील कुरणांच्या नोंदी, इलाख्याचे तालुकावार आकारणी अहवाल आणि गावचे आजचे सातबारे एकापुढे एक ठेवले तर एकाच जमिनीचा दोनशे वर्षांचा प्रवास तालुकानिहाय मांडता येईल. असे काम अद्याप एकाही तालुक्यापुरते पूर्णत्वाने हाती घेतले गेल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य अशा क्षेत्रासाठी असलेला शब्द आजही ‘पोटखराब’ हाच आहे, आणि इंदापूर, माळशिरस, माण येथील मेंढ्या सध्या ज्या जमिनीवर चरतात तिचा बराच भाग याच रकान्यात बसतो.